इमल्शन फोडायचे कसे?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई तयार होते. त्या भंगारात गॅल्व्हनाइज्ड पत्रा आला, की पत्र्यावरचे जस्त भट्टीच्या आचेत वाफ होऊन उडते आणि धुराच्या धुळीत उतरते. ही धूळ आम्लात कालवली की जस्त द्रावणात येते, लोखंडही येते. दोघांना वेगळे कसे काढायचे, या प्रश्नावर इमल्शन द्रव पटल हे एक उत्तर आहे. नॉर्मन ली यांनी अमेरिकेत १९६८ साली त्याचे पेटंट मिळवले. तेव्हापासून त्यावर शोधनिबंधांची रास पडली, पण कारखान्यांपर्यंत ते फारच थोडे पोचले.

रीत देखणी आहे. रॉकेलात गंधकाम्लाचे काही मायक्रॉनचे थेंब घुसळून बसवायचे आणि ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून स्पॅन-८० सारखे पृष्ठक्रियाशील द्रव्य घालायचे. हे इमल्शन जस्ताच्या पाण्यात हलके ढवळले, की त्याचे मिलिमीटरभराचे गोळे होतात. रॉकेलात विरघळलेला डी-टू-ईएचपीए हा वाहक गोळ्याच्या बाहेरच्या कडेला जस्त उचलतो, हायड्रोजन आयन सोडतो. आतल्या तीव्र आम्लापाशी नेमके उलटे करतो आणि रिकामा होऊन परततो. उचलणे आणि सोडणे एकाच भांड्यात चालते, त्यामुळे थोडासा वाहक पुरतो आणि पातळ द्रावणातले जस्तही आत साठत जाते.

ऑस्ट्रियातल्या लेंझिंग कारखान्याने १९८० च्या दशकात हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवले. ग्रात्सच्या तंत्रविज्ञान विद्यापीठातल्या मार आणि ड्राक्सलर यांचे काम त्यामागे होते. व्हिस्कोज धाग्याच्या सांडपाण्यातले जस्त त्यांनी काढले. माझ्या मते त्या यशाचे खरे कारण असे, की धागा कातण्याच्या आम्लकुंडात जस्त लागतेच. म्हणजे पटलाने गोळा केलेल्या मालाला गिऱ्हाईक घरातच होते.

इतरत्र गाडे अडले ते इमल्शनपाशी. आतले आम्ल बाहेरचे पाणी ओढून घेते, थेंब फुगतात, गोळा केलेले जस्त पुन्हा पातळ होते. काही थेंब फुटून आम्ल बाहेर गळते. ते टाळायला पृष्ठक्रियाशील द्रव्य वाढवले, तर तेल दाट होते, जस्ताची ये-जा मंदावते, फुगणेही वाढते. शिवाय काम संपल्यावर हेच टिकाऊ इमल्शन फोडून तेल परत मिळवायचे असते. त्यासाठी उच्च दाबाच्या विजेचे क्षेत्र लावतात. याच रीतीने जस्ताऐवजी फिनॉल काढताना थेंबांत आम्लाच्या जागी कॉस्टिक सोडा असतो. स्पॅन-८० हे एस्टर असल्याने सोड्यात हळूहळू त्याचा साबण होतो, तरी निबंधामागून निबंध तेच वापरतात. ऊर्ध्वपातित पाण्यात शुद्ध क्षार विरघळवायचा, चंचुपात्रात काही मिनिटे ढवळायचे आणि नव्वदच्या वरचा टक्का छापायचा, ही सवय या क्षेत्राला फार महागात पडली आहे. खऱ्या द्रावणात फेरिक लोह असते. डी-टू-ईएचपीए ते जस्ताच्याही आधी धरतो आणि सहजी सोडत नाही. लोखंड आधी साका करून गाळल्याशिवाय जालन्याच्या धुळीवर ही रीत चालणार नाही.

मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा आवार २०१८ पासून जालन्यातच आहे. माटुंग्याच्या या संस्थेत मनमोहन शर्मा आणि त्यांच्या शिष्यांनी दोन द्रवांच्या सीमेवर चालणाऱ्या रासायनिक क्रियांवर मोलाचे काम केले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने पोकळ तंतूंत द्रव पटल बसवून इमल्शन फोडण्याची कटकटच टाळणारी वाट चोखाळली आहे. इमल्शनची आणि तंतूंची, या दोन्ही वाटा भट्टीच्या त्याच धुळीवर शेजारी-शेजारी लावून पाहाव्यात, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. तेच तेल पुन्हा पुन्हा फिरवावे, आणि दर फेरीला थेंब किती फुगले, वाहक पाण्यासोबत किती गेला, फोडल्यावर न फुटलेली साय किती उरली, हे आकडे टक्क्याच्या आधी छापावेत.