‘निवांत’ आणि ‘शांत’

मराठीतून हिंदीत भाषांतर करणाऱ्याची लेखणी अवघड शब्दांपेक्षा साध्या शब्दांपाशीच अधिक अडते. ‘निवांत’ हा असाच एक शब्द होय. भिलाई-3 सारख्या, पोलाद कारखान्याच्या पाळ्यांवर दिवस मोजणाऱ्या वस्तीत मराठी घरातून ‘निवांत या’ असे आमंत्रण जाते, तेव्हा शेजारच्या हिंदीत त्याचे काय करावे? ‘फुरसत’ केवळ वेळ देते, ‘आराम’ देहापुरता राहतो, ‘शांत’ मनाकडे किंवा आवाजाकडे वळतो. छत्तीसगढीतील ‘थिराना’ त्यातल्या त्यात जवळचा खरा. पण थिरावण्याआधी थकावे लागते. निवांत बसायला थकव्याची अट नाही.

या शब्दाचे मर्म त्याच्या मुळात आहे. संस्कृत ‘निवात’ म्हणजे वारा नसलेले स्थान; गीतेच्या सहाव्या अध्यायातील न हालणारा दिवा अशाच ठिकाणी आहे. पाणिनीने ‘निवात’ शब्दाचा विचार वाऱ्यापासून रक्षण या अर्थाने केला आहे, आणि अमरकोशात त्याचे आश्रय, निर्वात व शस्त्राने न भेदणारे चिलखत असे तीन अर्थ येतात. म्हणजे वारा मुळात नाही असे नव्हे. तो बाहेर आहे, आत पोहोचत नाही. (ज्या गावाची ओळख झोतभट्टीने झाली, तेथे हा शब्द टिकावा हा योगायोग मोठा गमतीचा!) ‘निवांत या’ म्हणणारा यजमान पाहुण्याला वेळ देतोच, शिवाय आडोशाची हमीही देतो.

हा भेद विसरला की अनर्थ ओढवतो. भिलाईपासून जवळच्या राजनांदगावात 1958 पासून अध्यापन करणारे गजानन माधव मुक्तिबोध मराठीभाषी घरातले, पण हिंदी कवी. 1964 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘अँधेरे में’ या दीर्घ कवितेत निजलेल्या नगरातून रात्री एक भयावह मिरवणूक जाते. तिथल्या स्तब्धतेला मराठीत ‘निवांत रात्र’ म्हटले, तर शब्दकोश फारशी तक्रार करणार नाही. कविता मात्र मरेल. त्या रात्री स्तब्धता आहे, पण आडोसा नाही. तेथे ‘सुन्न’ किंवा ‘चिडीचूप’ चालेल. ‘निवांत’ कदापि नाही.

अलीकडे ‘तो अगदी निवांत आहे’ हे वाक्य बेफिकिरीचा ठपका म्हणूनही ऐकू येते. त्यात आश्रयाचा अर्थ उरलेला नाही. उरला आहे तो केवळ रिकामा वेळ, म्हणजे पुन्हा ‘फुरसत’च.