न पडलेल्या बास्केटचा हिशेब : बिल रसेल

या मालेत आपण बहुतेक वेळा ग्रंथांविषयी आणि विचारवंतांविषयी बोलतो. आज एका खेळाडूविषयी बोलायचं ठरवलं आहे. बास्केटबॉल आपल्यातल्या अनेकांना फारसा परिचयाचा नसेल, पण त्यानं काही बिघडत नाही. आमचा प्रश्न खेळापुरता नाहीच. माणसाच्या कामाचं मोल आपण कशावरून ठरवतो, हा आमचा प्रश्न आहे, आणि बिल रसेलच्या कारकिर्दीत तो फार ठळकपणे दिसतो.

आधी थोडक्यात चरित्र सांगतो. जन्म १२ फेब्रुवारी १९३४, लुइझियाना राज्यातलं मन्रो हे गाव. वर्णभेद कायद्यानंच चालत होता असा तो दक्षिणेचा मुलूख. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात ओकलंडला आलं. रसेल बारा वर्षांचा असताना आई वारली. युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाला त्यानं १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. १९५६ मध्येच मेलबर्न ऑलिंपिकचं सुवर्णपदक मिळवलं आणि मग तो बॉस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघात दाखल झाला. तिथं तेरा हंगाम खेळला आणि अकरा विजेतेपदं मिळवली. त्यातली १९५९ ते १९६६ ही आठ तर सलग. निर्णायक सातव्या सामन्यांत तो दहा वेळा उतरला आणि दहाही वेळा त्याचा संघ जिंकला.

आता दुसरा आकडा ऐका. रसेलची कारकिर्दीतली सरासरी आहे सामन्यामागे १५.१ गुण. वाईट नाही, पण दंतकथा व्हावी असाही हा आकडा नाही. त्याच काळात त्याच्याच जागेवर खेळणारा विल्ट चेंबरलेन होता. १९६१-६२ च्या हंगामात चेंबरलेननं सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण केले. २ मार्च १९६२ रोजी तर एकाच सामन्यात त्यानं १०० गुण केले. तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही.

मग त्या हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू कोण ठरला? रसेल! आणि खरी गंमत पुढेच आहे. तो पुरस्कार त्या वेळी खेळाडूंच्या मतांनी दिला जायचा, आणि हंगामाचा सर्वोत्तम संघ मात्र पत्रकार निवडायचे. पत्रकारांनी पहिल्या संघात चेंबरलेनला घेतलं आणि रसेलला दुसऱ्या संघात टाकलं. हे एकदाच घडलं असतं तर योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. पण १९५८, १९६१ आणि १९६२ अशा तीन हंगामांत रसेल खेळाडूंच्या मते सर्वांत मौल्यवान होता आणि पत्रकारांच्या मते दुसऱ्या संघातला. ज्यांना त्याच्यासमोर उभं राहून चेंडू टाकायचा होता त्यांना एक गोष्ट दिसत होती, आणि ज्यांच्यासमोर गुणांचा तक्ता होता त्यांना दुसरीच.

आता, खेळाडूंना असं काय दिसत होतं? त्या काळी असं शिकवलं जायचं की चांगल्या बचावपटूनं पाय जमिनीवरून उचलू नयेत. रसेलनं ते झुगारून दिलं. तो उडी मारून प्रतिस्पर्ध्याचा चेंडू हवेतच अडवायचा. त्यातही, अडवलेला चेंडू प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घेण्यापेक्षा तो हलकेच टोलवून मैदानातच ठेवायचा, म्हणजे तो आपल्याच साथीदाराच्या हाती जाईल आणि बचावातूनच चढाई सुरू होईल. आणि एकदा दोनदा चेंडू अडवला की पुढचं काम भीतीच करायची. समोरचा खेळाडू बास्केटजवळ यायचा, कचरायचा, चेंडू मागे द्यायचा किंवा नको तितक्या दुरून टाकायचा. रसेलनं त्या क्षणी काहीच केलेलं नसायचं. तो नुसता तिथं असायचा.

आता हे मोजणार कसं? अडवलेल्या चेंडूंची अधिकृत नोंदच एनबीएमध्ये १९७३-७४ च्या हंगामापासून सुरू झाली. रसेल १९६९ मध्ये निवृत्त झाला होता. म्हणजे ज्या कौशल्यानं त्यानं हा खेळ बदलला, त्याचा तक्त्यात रकानाच नव्हता. आणि भीतीपोटी जे चेंडू टाकलेच गेले नाहीत, त्यांना तर आजही रकाना नाही. क्रिकेटचंच बघा ना. क्षेत्ररक्षकाकडे बघून फलंदाजानं जी धाव घेतलीच नाही, ती धावफलकावर कुठं लिहितात?

इथं आम्हांला आपल्या नैयायिकांची आठवण होते. न्याय-वैशेषिक परंपरेनं ‘अभाव’ हा एक स्वतंत्र पदार्थ मानला. टेबलावर पुस्तक नाही, हे ‘नसणं’सुद्धा ज्ञानाचा विषय आहे, असं ते म्हणतात. पण त्यांची एक अट आहे. अभाव हा नेहमी कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, तो त्याचा ‘प्रतियोगी’. पुस्तक म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, त्याला पुस्तकाचं नसणं कळणार नाही. रसेलच्या बाबतीत हे तंतोतंत लागू पडतं. जो बास्केट पडला असता तो डोळ्यांसमोर आणता येणाऱ्यालाच रसेलचं काम दिसतं. खेळाडूंना तो आणता येत होता, कारण तो त्यांचाच पडला असता.

कुणी म्हणेल, ‘एवढं तत्त्वज्ञान कशाला? अकरा विजेतेपदं मोजा आणि मोकळे व्हा.’ हा युक्तिवाद रसेलचे चाहते फार करतात, आणि आमचा आक्षेप नेमका तिथेच आहे. गुण मोजणाऱ्यांना हसायचं आणि आपण अंगठ्या मोजायच्या, यात पद्धत तीच राहते, फक्त रकाना बदलतो. शिवाय विजेतेपदांच्या आकड्याला उत्तरंही आहेत. रसेल आला तेव्हा एनबीएमध्ये आठच संघ होते. त्याच्या जोडीला बॉब कूझी, सॅम जोन्स, जॉन हॅवलिचेक असे मातब्बर खेळाडू होते आणि रेड ऑरबाखसारखा प्रशिक्षक होता. पुढे सिएटल आणि सॅक्रामेंटो इथं रसेल स्वतः प्रशिक्षक झाला, तेव्हा ते यश त्याला मिळालं नाही. या सगळ्या गोष्टी खऱ्या आहेत. त्यामुळे त्याचं मोठेपण आकड्यावर उभं करू नये. खेळात काय करण्यासारखं आहे याची समजच त्यानं बदलली, त्यावर ते उभं करावं.

आता मैदानाबाहेर येऊ. तिथंही हाच धागा आहे. १९६१ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला एक प्रदर्शनीय सामना होता. हॉटेलात कृष्णवर्णीय खेळाडूंना खायला द्यायला नकार मिळाला. रसेल आणि त्याचे कृष्णवर्णीय साथीदार सामना न खेळताच परत निघाले. बॉस्टनजवळच्या रेडिंग गावात त्याचं घर फोडलं गेलं, भिंतींवर वर्णद्वेषी शिव्या लिहिल्या गेल्या, बिछान्यात विष्ठा टाकली गेली. ज्या शहराला तो वर्षामागून वर्षं विजेतेपद देत होता, त्याच शहराच्या वेशीवर हे घडलं. त्यामुळे आपण सेल्टिक्ससाठी खेळतो, बॉस्टनसाठी खेळत नाही, असा भेद तो करत असे. चाहत्यांना तो स्वाक्षरी देत नसे. १९७२ मध्ये त्याचा ६ क्रमांक सन्मानानं निवृत्त झाला, तो प्रेक्षकांना आत सोडण्याआधी, मोजक्या साथीदारांसमोर, कारण त्याचाच तसा आग्रह होता. १९७५ मध्ये हॉल ऑफ फेमच्या समारंभालाही तो गेला नाही. आपल्याआधीच्या कृष्णवर्णीय खेळाडूंचा मान आधी व्हायला हवा होता, असं त्याचं म्हणणं. ती अंगठी त्यानं स्वीकारली थेट २०१९ मध्ये, चक कूपरचा समावेश झाल्यावर.

वर्तमानपत्रांनी याला उर्मटपणा म्हटलं. आम्ही म्हणू, इथंही प्रतियोगी ओळखायला हवा. न दिलेली स्वाक्षरी, न स्वीकारलेला हार, या रिकाम्या जागा नाहीत. जो आदर टाळ्यांपुरता असतो आणि घराच्या भिंतीशी थांबतो, तो रसेलनं घेतला नाही. कृतज्ञता दाखवलीच पाहिजे, असं माणसाला कोण सांगणार?

पण समीक्षा म्हटली की दोषही सांगायला हवेत. १९६६ मध्ये तो एनबीएचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक झाला, खेळाडू असतानाच. त्या दुहेरी भूमिकेतला शेवटचा सामना म्हणजे १९६९ च्या अंतिम मालिकेतला सातवा. लॉस एंजेलिसमध्ये यजमानांनी विजयाचे फुगे आधीच छताला टांगून ठेवले होते, आणि सेल्टिक्स १०८-१०६ असे जिंकले. त्या सामन्यात चेंबरलेन गुडघा दुखावून बाहेर बसला. परत यायची तयारी त्यानं दाखवली, पण त्याच्या प्रशिक्षकानं त्याला घेतलं नाही. पुढे रसेलनं जाहीरपणे त्याला दोष दिला, की एवढ्या सामन्यातून तो बाहेर बसलाच कसा. दोघं जवळचे मित्र होते. कित्येक वर्षं त्यांचं बोलणं तुटलं. पुढे रसेलनं माफी मागितली.

आम्हांला हा प्रसंग त्याच्या आयुष्यातला सर्वांत बोधप्रद वाटतो. ज्याचं सारं मोल न दिसणाऱ्या कामात होतं, त्यानंच दुसऱ्याच्या मैदानावर नसण्याचा अर्थ वरवर लावला. अभाव वाचणं किती अवघड आहे, याला याहून चांगलं उदाहरण नाही.

शेवटी वारशाविषयी थोडं. २००९ पासून अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराला रसेलचं नाव आहे. तो पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये, त्याच्या शेवटच्या मालिकेत, आणि मिळाला हरलेल्या संघाच्या जेरी वेस्टला. म्हणजे स्वतःच्या नावाचा पुरस्कार रसेलला कधीच मिळाला नाही. ३१ जुलै २०२२ ला तो गेला, आणि एनबीएनं सगळ्याच संघांतून ६ हा क्रमांक निवृत्त केला. असा मान त्याआधी कुणालाही मिळाला नव्हता. ज्यांच्या अंगावर तो क्रमांक आधीच होता त्यांना ठेवायची मुभा मिळाली. नव्यानं आता तो कुणालाही मिळत नाही. पुतळे, पदकं पुष्कळ झाली, पण आम्हांला हे स्मारक अधिक समर्पक वाटतं. ते आहे म्हणजे काय, तर एक आकडा आता दिसत नाही. तो का दिसत नाही, हे ज्याला ठाऊक असेल त्याला रसेल कळला.

इथं थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.