पंडिता रमाबाईंची शास्त्रकसोटी आणि भाषांतराचा प्रश्न

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराविषयी मराठीत विपुल लिहिले गेले. परंतु धर्मांतरानंतर त्यांनी स्वतःच्या श्रद्धेची जी परीक्षा आरंभिली, तिच्याकडे समीक्षेचे लक्ष त्या मानाने थोडेच गेले. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि दोनच वर्षांत चेल्टनहॅमहून त्या सिस्टर जेराल्डीन व प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्रैक्याच्या सिद्धान्तावर पत्रवाद करू लागल्या. जे बायबलात आढळत नाही, ते केवळ धर्मगुरू सांगतात म्हणून मानण्यास आपण बांधलेल्या नाही, हा त्यांचा पक्ष. अ. भि. शहा यांनी संपादिलेला हा पत्रव्यवहार १९७७ साली प्रसिद्ध झाला. जेराल्डीन यांना ज्यात अहंकार दिसला, तो प्रस्तुत लेखकाच्या मते शास्त्राध्ययनाचा जुना संस्कार होय. पुराणिकाची ही कन्या ग्रंथप्रामाण्य म्हणजे काय, हे आपल्या गुरुभगिनींपेक्षा अधिक जाणून होती.

परंतु ज्या वचनावर श्रद्धा पारखावयाची, ते वचन कोणत्या भाषेतले? मत्तयाच्या तिसऱ्या अध्यायातील बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची घोषणाच घ्यावी. मूळ ग्रीक शब्दाचा रोख मन पालटण्यावर आहे. लॅटिन पाठ वाचणाऱ्या परंपरेने तेथे 'प्रायश्चित्त करा' असा अर्थ घेतला, आणि सोळाव्या शतकात इरॅस्मसने त्यावर आक्षेप घेतला. मराठी बायबल म्हणते 'पश्चात्ताप करा'. 'पश्चात्' आणि 'ताप' या घटकांतून उभा राहतो तो मागाहून होणारा दाह. ठाण्यात मासुंदा तलावानजीक याच योहानाच्या नावाचे चर्च आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२–६५) कॅथलिक मिस्साची भाषा लॅटिनच होती. तेव्हा लॅटिन ऐकणारा ठाण्याचा कॅथलिक, मराठी वाचणारा प्रॉटेस्टंट आणि ग्रीक जाणणारा पंडित या तिघांनी आपली श्रद्धा त्याच वचनावर पारखली, तरी तिघांचे उत्तर एकच येईल असे नाही.

रमाबाईंनी ही अडचण ओळखली. हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम १९२२ मधील मृत्यूपूर्वी पुरे केले. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात ते १९२४ साली छापून निघाले. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुरता आणि जुन्या धर्मकल्पनांचा वास असलेले शब्द त्यांना खटकत. उद्देश स्तुत्य खरा, पण भाषाशास्त्राच्या दृष्टीने असाध्यच म्हणावा लागतो. 'पाप', 'आत्मा', 'देव' हे शब्द टाकून मराठीत धर्म बोलायचा कसा? शिवाय धर्मगुरूंचे मध्यस्थपण नाकारणाऱ्या रमाबाई शब्दाशब्दाची निवड करताना स्वतःच मध्यस्थ होतात. केडगावची वाचक आपली श्रद्धा पारखते ती रमाबाईंच्या निर्णयावर. १८८५ च्या पत्रांतील रमाबाईंनी हे कितपत मान्य केले असते, असा प्रश्न पडतो.

त्यांच्या भाषांतराला चर्चमध्ये व्यापक स्थान मिळाले नाही. बायबल सोसायटीचेच रूढ राहिले. डोंबिवलीतील आजचा मराठी वाचक योहानाच्या त्या घोषणेपाशी थांबला, तर त्याच्यापुढे येतो तो 'पश्चात्ताप' हाच शब्द.