ख्मेर इतिहासाची सहा दिवसांची आवृत्ती

आपल्याकडे पुस्तकांचे परीक्षण होते, नाटकांचे होते, गाण्याच्या मैफलींचेही होते. सहलीचे परीक्षण मात्र कोणी करत नाही. ती चांगली झाली की नाही, हे आपण हॉटेल, जेवण आणि बसची वातानुकूलन यंत्रणा यांवरून ठरवतो. वास्तविक मध्यमवर्गीय मराठी माणसाचा परदेशी इतिहासाशी जो काही परिचय होतो, तो आता बहुतांशी मार्गदर्शक बरोबर असलेल्या वारसा-सहलींतूनच होतो. अशी सहल हाही एक मजकूर असतो. त्यात निवड असते, क्रम असतो, निवेदकाचा आवाज असतो आणि गाळलेल्या जागाही असतात. कंबोडियाची सहा दिवसांची एक सहल मी दोन वर्षांपूर्वी केली. प्रस्तुत लेखात तिचे परीक्षण एखाद्या इतिहासग्रंथाच्या आवृत्तीसारखे करावे, असा विचार आहे.

कार्यक्रम नेहमीचाच होता. पहिल्या रात्री सिएम रीपमध्ये जेवणासोबत अप्सरा नृत्य. दुसऱ्या दिवशी पहाटे अंगकोर वाट, मग बायोन आणि ता प्रोम. तिसऱ्या दिवशी बांतेय स्रेई आणि कुलेन पर्वत, चौथ्या दिवशी तोन्ले साप सरोवर. उरलेले दोन दिवस नॉम पेन्ह : राजवाडा, तुओल स्लेंग, चुंग एक आणि विमानतळ. बरोबर निवेदक दोन होते. एक स्थानिक ख्मेर मार्गदर्शक इंग्रजीत सांगायचे आणि सहल कंपनीचे व्यवस्थापक ते मराठीत आणायचे. या परीक्षणातले बरेचसे मुद्दे त्या दोन आवाजांच्या मधल्या अंतरातच सापडले.

उदाहरणार्थ, अंगकोर वाटच्या पश्चिम गोपुरात आठ हातांची एक उंच विष्णुमूर्ती आहे. तिच्या अंगावर भगवे वस्त्र, पुढे उदबत्त्या आणि फुले. ख्मेर मार्गदर्शकांनी सांगितले की ही मूर्ती मूळची विष्णूची असेल, पण इथले लोक तिला 'ता रीच' म्हणतात. ता म्हणजे आजोबा. हे या जागेचे रक्षण करणारे पूर्वज-दैवत. मराठीत आले ते एवढेच : "बघा, आठशे-नऊशे वर्षं झाली तरी आपल्या विष्णूची पूजा चालू आहे."

हा अनुवाद खोटा नाही, पण निम्मा आहे. दुसऱ्या सूर्यवर्मनने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात हे मंदिर विष्णूसाठी बांधले, हे खरे. पण पुढची किमान सहा-सात शतके ते बौद्धांचे तीर्थस्थान आहे. नावातला 'वाट' हा शब्दच बौद्ध विहाराचा. 'जगातील सर्वांत मोठे हिंदू मंदिर' हे वाक्य आमच्या सहलीत पाच-सहा वेळा आले. तिथे त्या क्षणी भिक्खू हिंडत होते, पण ते त्या वाक्यात कुठेच बसत नव्हते.

शिल्पांचेही तसेच. दक्षिणेकडून पूर्वेच्या ओवरीत वळल्यावर समुद्रमंथनाचा सुमारे ४९ मीटर लांबीचा पट लागतो. कथा आपल्याला पाठ असल्याने मराठी मंडळी तिथे खुलतात. पण नीट पाहिले तर असुरांच्या रांगेत रावणासारखी अनेक मुखांची आकृती आहे आणि देवांच्या बाजूला वासुकीची शेपूट धरून एक वानर उभा आहे. आपल्या पुराणांतल्या मंथनात वानराला काय काम? इथे ख्मेर कलावंताने रामकथेतली पात्रे मंथनात आणली आहेत. ज्या जागी पट आपल्या ओळखीचा राहत नाही, त्याच जागी तो सर्वांत बोलका होतो. आमची सहल ओळखीच्या खुणा मोजत पुढे सरकली.

या दृष्टीला इतिहास आहे. १९२६ मध्ये कलकत्त्यात 'ग्रेटर इंडिया सोसायटी' स्थापन झाली. रमेशचंद्र मजुमदारांसारख्या विद्वानांनी आग्नेय आशियातल्या या राज्यांकडे भारतीय वसाहती म्हणून पाहिले. परक्या सत्तेखालच्या देशाला त्या कल्पनेने धीर दिला असेल, हे समजू शकते. संशोधन मात्र तिथे थांबले नाही. भारतातून सैन्य किंवा मोठे स्थलांतर इथे आल्याचा पुरावा मिळत नाही. इथल्या राजांनी संस्कृत, शैव-वैष्णव विधी आणि लिपी आपल्या गरजेप्रमाणे निवडून घेतली, असेच बहुतेक अभ्यासक आज मानतात. सहलीची आवृत्ती या बाबतीत शंभर वर्षे जुनी आहे.

आता मुख्य मुद्दा. ख्मेर इतिहासाचे सर्वांत मोठे साधन म्हणजे शिलालेख. ते दोन भाषांत आहेत. काही संस्कृतात, काही जुन्या ख्मेरमध्ये आणि पुष्कळसे एकाच दगडावर दोन्हींत. ढोबळमानाने वाटणी अशी : देवाची स्तुती, राजाची प्रशस्ती, वंशावळ हे संस्कृत श्लोकांत, जमीन, सीमा, तांदूळ, गुरे, सेवेला दिलेली माणसे हे ख्मेर गद्यात.

मराठी वाचकाला ही वाटणी परकी वाटू नये. चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शके ११२८ चा शिलालेख आठवावा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाच्या दानाचा तो लेख. कुलाची थोरवी संस्कृतात आहे आणि बाजारातल्या कोणत्या मालावर मठाला काय द्यायचे, ते मराठीत. ज्यांनी देणे द्यायचे त्यांना ते कळले पाहिजे, हा त्यामागचा व्यवहार. तो लेख कोरला जात होता त्याच सुमारास तिकडे सातव्या जयवर्मनच्या बायोनचे काम चालू असावे. दोन्हीकडे संस्कृतची जागा एक, देशी भाषेची जागा एक आणि कालगणनाही तीच, शकाची. कंबोडियाशी आपला खरा, तपासता येण्याजोगा दुवा हवा असेल तर तो असा कारकुनी स्वरूपाचा आहे. त्यात कोणी कोणाला जिंकलेले नाही.

सहलीत मात्र दगडाचा फक्त संस्कृत अर्धा वाचला जातो. कुलेन पर्वतावर आम्हाला सांगण्यात आले की इ. स. ८०२ मध्ये दुसऱ्या जयवर्मनने इथे स्वतःला चक्रवर्ती घोषित केले आणि ख्मेर साम्राज्य सुरू झाले. हे कशावरून कळते, ते कोणी सांगितले नाही. ते कळते स्दोक काक थोम येथील शिलालेखावरून, आणि तो आहे १०५२ चा, म्हणजे घटनेनंतर अडीचशे वर्षांनी कोरलेला. त्यात संस्कृत आणि ख्मेर दोन्ही मजकूर आहेत. हिरण्यदाम नावाच्या ब्राह्मणाला बोलावून, कंबुजदेश 'जावा'च्या अंकित राहू नये म्हणून विधी करवला, ही हकीकत त्याच्या ख्मेर भागात येते. लेख कोरवणारे घराणे राजपुरोहितांचे होते. पिढ्यान् पिढ्या मिळालेली गावे आणि जमिनी आपल्याच आहेत, हे त्यांना नोंदवून ठेवायचे होते. म्हणजे ज्याला आपण साम्राज्याचा जन्मदाखला समजतो, तो एका घराण्याच्या जमिनीच्या कागदपत्रांत सापडलेला आहे. हे कळल्याने ८०२ चे महत्त्व कमी होत नाही. इतिहास कसा हाती लागतो, ते मात्र कळते. आणि माझ्या मते वारसा-सहलीने शिकवायची पहिली गोष्ट तीच.

दुसरे उदाहरण शून्याचे. मेकाँगकाठच्या सांबोर येथील शके ६०५ च्या, म्हणजे इ. स. ६८३ च्या लेखात शून्य टिंबाने दाखवले आहे. काळ निश्चित सांगता येणाऱ्या जगातल्या सर्वांत जुन्या शून्यचिन्हांपैकी ते एक. हा लेख ख्मेर भाषेत आहे आणि त्याचा विषय गणित नाही. माणसे, बैल, तांदूळ असे दानाचे हिशेब त्यात आहेत.

ता प्रोमला बसमधल्या एका काकूंनी विचारले, "अहो, पण एवढ्या देवळाला माणसं किती लागत असतील? ती कुठून आणायचे?" व्यवस्थापक म्हणाले, "राजाची प्रजा होती काकू, आनंदाने येत असणार." वस्तुतः काकूंच्या प्रश्नाचे नेमके उत्तर याच मंदिराच्या ११८६ च्या शिलालेखात आहे. मंदिराच्या सेवेला ३,१४० गावे आणि ७९,३६५ माणसे लावलेली होती. त्यांत ६१५ नर्तिका. हा लेख संस्कृतात आहे, म्हणजे संस्कृतात हिशेब येतच नाही असे नाही. पण त्यात आकडा येतो. नावे पाहायची तर ख्मेर लेखांकडे जावे लागते. तिथे देवाला दिलेल्या स्त्री-पुरुषांच्या, मुलांच्या याद्याच्या याद्या आहेत, नावानिशी. त्यांना शब्द आहे 'ख्ञुम'. कोणी त्याचा अर्थ गुलाम करतात, कोणी देवाचा सेवक. अभ्यासकांत त्यावर वाद आहे. ती सारी आनंदाने येत होती की नाही, हे कोणताच दगड सांगत नाही. पण ती होती आणि त्यांना नावे होती, एवढे दगड नक्की सांगतो.

सहलीच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. बायोनच्या बाहेरच्या भिंतीपाशी आम्हाला भरपूर वेळ मिळाला. तिथे बाजार आहे, कोंबड्यांची झुंज आहे, बाळंतपण आहे, स्वयंपाक आहे आणि चामांशी झालेल्या लढाईतल्या नौकांखाली मासेच मासे आहेत. ख्मेर मार्गदर्शक इथे मनापासून बोलले. १२९६-९७ मध्ये इथे राहून गेलेला चिनी प्रवासी झोउ दागुआन लिहितो की इथला बाजार बायका चालवतात आणि जमिनीवर चटया पसरून माल मांडतात. त्यांनी त्याची आठवण करून दिली आणि चौथ्या दिवशी तोन्ले सापच्या वाटेवर तसाच बाजार दाखवला. पूर्ण सहलीतली सर्वांत चांगली शिकवण्याची जागा ही होती.

सर्वांत वाईट जागा म्हणजे चौथ्या आणि पाचव्या दिवसांमधली. चौथ्या दिवशी आपण बाराव्या-तेराव्या शतकात असतो. पाचव्या दिवशी दुपारी तुओल स्लेंगमध्ये, १९७५ ते ७९ च्या ख्मेर रूज राजवटीत. मधल्या सुमारे सातशे वर्षांसाठी बसमध्ये एक वाक्य होते : "मग हे नगर जंगलात हरवले आणि फ्रेंचांनी शोधून काढले." फ्रेंच प्रवासी आंरी मुओ इथे आला १८६० मध्ये. त्याआधी सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी या मंदिराचे वर्णन केले होते आणि सतराव्या शतकात एका जपानी यात्रेकरूने त्याचा आराखडा काढला होता. याहून मोठा पुरावा भिंतीवरच आहे. अंगकोर वाटच्या उत्तर ओवरीतली काही शिल्पे सूर्यवर्मनच्या काळातली नाहीत. ती सोळाव्या शतकाच्या मध्यावर, राजा आंग चान याच्या काळात पुरी करण्यात आली. हरवलेल्या देवळात कोणी शिल्पे कोरायला जात नाही.

ही पोकळी निरुपद्रवी नाही. वैभव आणि मग एकदम कवट्या, असा क्रम लावला की पाहणाऱ्याच्या मनात आपोआप एक निष्कर्ष तयार होतो : थोर लोक होते, पुढे बिघडले. १८६३ पासूनचे फ्रेंच संरक्षण, १९५३ चे स्वातंत्र्य, १९६९ ते ७३ मधला अमेरिकी बाँबवर्षाव, यांतले काहीच कार्यक्रमात नव्हते. आणि अंगकोर व तुओल स्लेंग यांना जोडणारा दुवाही नव्हता. ख्मेर रूजच्या लाल ध्वजावर अंगकोरचे तीन मनोरे होते. ज्यांनी अंगकोर उभारले ते काहीही करू शकतील, या भावनेवर त्यांनी माणसांना कालवे खणायला जुंपले. कष्ट करणाऱ्यांची नावे पुसून केवळ वैभव सांगणारा इतिहास कोणाच्या हाती काय होऊ शकतो, याचे याहून भीषण उदाहरण शोधावे लागेल. सहल त्या उदाहरणाच्या दोन्ही टोकांना नेते आणि मधला धागा दाखवत नाही.

पहिल्या रात्रीचे नृत्य 'हजार वर्षांची परंपरा' म्हणून दाखवले गेले. शिल्पांतून आणि दरबारी परंपरेतून ते स्फुरले हे खरे, पण आज दिसणारे अप्सरा नृत्य विसाव्या शतकाच्या मध्यावर राणी कोसामाक यांच्या पुढाकाराने बसवले गेले. ख्मेर रूज काळात बहुतेक नर्तक-नर्तिका मेल्या. ज्या थोड्या वाचल्या त्यांनी १९७९ नंतर आठवणीतून ते पुन्हा शिकवले. त्यांतल्या चिया सामी या खुद्द पोल पोटच्या भावजय होत्या; अमिताव घोष यांनी त्यांच्याबद्दल लिहिले आहे. जेवणाच्या ताटामागे चाललेल्या त्या नाचाचे वय हजार वर्षे नसून दोन-तीन पिढ्या आहे, हे सांगितले असते तर टाळ्या कमी पडल्या नसत्या.

आजच्या घडीविषयीही थोडे. बांतेय स्रेई हे ९६७ मधले देखणे मंदिर राजाने नव्हे, यज्ञवराह नावाच्या विद्वान मंत्र्याने उभारले. १९२३ मध्ये तिथली शिल्पे कापून नेताना पकडला गेलेला तरुण आंद्रे मालरो पुढे फ्रान्सचा संस्कृतिमंत्री झाला. कोह केरचे भीम आणि दुर्योधन तर चोरांनी घोट्यापासून तोडून नेले. मागे राहिलेल्या पावलांमुळेच चोरी सिद्ध झाली आणि २०१४ मध्ये दोघे अमेरिकेतून मायदेशी परतले. आमच्या कार्यक्रमात नॉम पेन्हचे राष्ट्रीय संग्रहालय नव्हते. राजवाड्याशेजारी असूनही नव्हते. तसेच अंगकोर परिसरातून २०२२ पासून सुमारे दहा हजार कुटुंबे रुन ता एक आणि इतर ठिकाणी हलवण्यात येत आहेत. सरकार म्हणते ती स्वेच्छेने गेली. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०२३ च्या अहवालात हे सक्तीचे स्थलांतर ठरवले. नारळपाणी विकणारी बाई आज अंगकोरपासून किती लांब राहते, हाही वारसा-सहलीचा विषय आहे.

मग चांगली आवृत्ती कशी असावी? दिवस वाढवण्याची गरज नाही. तुओल स्लेंगच्या आधी दोन तास राष्ट्रीय संग्रहालयाला द्यावेत. अंगकोर वाटच्या उत्तर ओवरीत दहा मिनिटे थांबून आंग चानचे नाव घ्यावे. दक्षिण ओवरीत ३७ स्वर्ग आणि ३२ नरकांचा पट आहे, यम आणि चित्रगुप्तासह. त्याखाली कोरलेल्या चिठ्ठ्या ख्मेरमध्ये आहेत, तेवढ्या मार्गदर्शकांकडून वाचून घ्याव्यात. आपल्या चित्रगुप्ताची वही इथे ख्मेर भाषेत आहे, ही गोष्ट मराठी माणसाला सहज आवडेल. आणि व्यवस्थापकांनी अनुवाद पूर्ण करावा. 'आपला' हा शब्द गाळला तरी कोणाचे काही हरवत नाही.

भाषेच्या अभ्यासकांनी नोंदवलेली एक गोष्ट सांगून थांबतो. शिलालेखांतल्या याद्यांमधला तो 'ख्ञुम' शब्द मेलेला नाही. आजच्या ख्मेर भाषेत, उच्चार थोडा बदलून, तो 'मी' या अर्थाने वापरतात. विनयाने बोलताना माणूस स्वतःला जसे सेवक म्हणवतो, त्या वाटेने तो तिथे पोहोचला. कंबोडियात सहा दिवस हिंडताना हा शब्द रिक्षावाल्याकडून, हॉटेलातल्या मुलीकडून शेकडो वेळा कानावर पडतो. दगडाचा न वाचलेला अर्धा भाग तिथे चालता-बोलता आहे. त्यासाठी वेगळे तिकीटही लागत नाही.