मडके आणि मोहोर

मातीचे भांडे पारखावे कसे, हे आपल्या संतपरंपरेने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या मस्तकावर थापटणे मारून पक्के कोण आणि कच्चे कोण याचा निवाडा केला, अशी आख्यायिका आहे. बाजारात मडके घेणारी गृहिणीही आधी टिचकी मारून नाद ऐकते. रंग, नक्षी आणि दुकानाचा थाट यांचा विचार नंतर. हाच निकष हाती धरून आम्ही एका दूरच्या गावच्या मृत्पात्रांविषयी चार शब्द लिहीत आहोत.

ते गाव म्हणजे इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यात असलेले सेंट आयव्हज. गाव मूळचे कोळ्यांचे. आयर्लंडहून एका पानावर बसून समुद्र तरून आलेल्या संत इया या कुमारिकेवरून त्यास हे नाव पडले, असे तेथील श्रद्धावंत सांगत आले आहेत. आज ते पर्यटकांचे गाव आहे. सुट्टीसाठी तेथे गेलेल्यास पाऊस किनाऱ्यावरून उठवून दुकानांत लोटतो. आम्हांसही त्याने लोटले. बंदरामागील अरुंद फोर स्ट्रीटवर ओल्या छत्र्या मिटून लोक दुकानामागून दुकान हिंडत असतात, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांच्यापुढे येतात ती हाताने घडविलेली मातीची भांडी.

यामागे मोठा इतिहास आहे. बर्नार्ड लीच (१८८७–१९७९) हे इंग्रज कलावंत जपानात कुंभारकाम शिकले आणि १९२० साली शोजी हमादा या जपानी मित्रासह सेंट आयव्हज येथे आले. गावाबाहेरच्या चढावर त्यांनी कार्यशाळा काढली व उतारावर पायरीपायरीने चढत जाणारी, अनेक दालनांची जपानी पद्धतीची भट्टी उभारली. पाश्चात्त्य जगातील ही अशा प्रकारची पहिली भट्टी मानली जाते. लीच यांचे म्हणणे थोडक्यात असे, की भांडे प्रथम वापरासाठी असावे आणि त्याचे सौंदर्य त्या वापरातूनच उमलावे. त्यांचे स्नेही सोएत्सू यानागी यांनी तर जपानात निनावी कारागिराच्या कामाला कलेचे सर्वोच्च स्थान दिले. आपल्याकडील सरदार गुरुचरण सिंग हेही तरुणपणी जपानात या मंडळींच्या सहवासात आले होते. दिल्लीच्या निळ्या मृत्पात्रांमागे तो संस्कार आहे.

आता परीक्षण. दुकानांतील बरीचशी भांडी डोळ्यांसाठी घडविलेली आहेत. निळ्या-हिरव्या झिलईत समुद्र साठविण्याचा हव्यास इतका, की पेला हाती घेताच तो जड लागतो. कानात दोन बोटे धड शिरत नाहीत. किटलीची तोटी अशी, की चहा टेबलावर सांडावा. हाताने केले म्हणून ते चांगले, असा एक भाबडा समज या व्यवहारामागे आहे. हातही आळशी असू शकतो. याउलट लीच यांच्या कार्यशाळेची नित्य वापराची भांडी पाहावीत. रंग करडा, तपकिरी, फिकट हिरवा. काठ ओठांना बोचत नाही, बूड स्थिर, वजन पोटाशी नेमके. पाहताना ती फारशी बोलत नाहीत; हाती घेतल्यावर मात्र सोडवत नाहीत.

तथापि लीच यांच्या विचारातील एक विसंगती आम्हांस खटकते. नित्य वापराच्या भांड्यांवर केवळ कार्यशाळेची मोहोर उमटे. स्वतः घडविलेल्या खास पात्रांवर मात्र लीच आपली वैयक्तिक मोहोर उमटवीत. निनावीपणाचा पुरस्कर्ता स्वतः नामवंत झाला, आणि ग्राहक भांडे उलटे करून आधी बुडावरील मोहोर शोधू लागला. हमादांनी जपानला परतल्यावर आपल्या पात्रांवर नाममुद्रा करणे सोडून दिले. या बाबतीत मित्रापेक्षा ते अधिक सुसंगत ठरले, असे आमचे मत आहे.

ख्रिस्ती वाचकास या प्रश्नात विशेष आस्था असावी. सिराकच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात पायाने चाक फिरविणारा, झिलईकडे चित्त लावणारा, भट्टी साफ ठेवणारा कुंभार येतो. त्याला सभेत मानाचे आसन नाही, परंतु त्याच्यावाचून नगर वसत नाही. त्याचे काम हीच त्याची प्रार्थना होय. हेही खरे, की २००४ साली रोमहून निघालेल्या ‘रेडेम्प्शिओनिस साक्रामेंतुम’ या सूचनापत्राने मिस्सामध्ये मातीची व सहज फुटणारी पात्रे वापरण्यास मनाई केली आहे. यात मातीचा अवमान नाही. पवित्र रक्ताचा थेंबही सांडू नये, ही काळजी आहे. वेदीवर मातीचा पेला नसेल, तरी वेदीपुढे उभा राहणारा माणूस मातीचाच आहे. आपण ठेवा वाहणारी मातीची भांडी आहोत, असे संत पौलाने म्हटलेच आहे.

सेंट आयव्हजमधील आम्हांस सर्वांत भावलेले कुंभारकाम कोणत्याही दुकानात नाही. समुद्रावर नजर टाकणाऱ्या बार्नून दफनभूमीत आल्फ्रेड वॉलिस या वृद्ध खलाशाची कबर आहे. पुढे भंगार विकून पोट भरणारा हा माणूस सत्तरीच्या सुमारास पुठ्ठ्यांवर जहाजे रंगवू लागला आणि १९४२ साली गरीबगृहात (वर्कहाउसमध्ये) वारला. त्याच्या कबरीसाठी लीच यांनी फरशा घडविल्या. त्यांवर एक प्रचंड दीपस्तंभ आहे, आणि त्याच्या दारात शिरू पाहणारा एक इवलासा म्हातारा. येथे विकण्याजोगे काही नाही, मिरविण्याजोगेही नाही. एका कारागिराने दुसऱ्यास दिलेला हा निरोप आहे. लीच यांची शिकवण आम्हांस येथे खऱ्या अर्थाने पूर्ण झालेली दिसली.

शेवटी आपल्याविषयी. परदेशातील पेल्यासाठी आपली कुटुंबे सांगितलेली किंमत मुकाट्याने मोजतात, आणि धारावीच्या कुंभारवाड्यातील माठासाठी दहा-वीस रुपयांवरून घासाघीस करतात. त्या माठाखाली कोणाचीच मोहोर नसते. यानागींनी ज्याला श्रेष्ठ मानले, तो निनावी कारागीर आपल्या उंबरठ्याजवळच चाक फिरवीत बसला आहे. त्याचे भांडे अवश्य वाजवून घ्यावे. कच्चे असल्यास परत करावे. पक्के निघाल्यास मात्र त्याने सांगितलेले मोल मोजावे.