माहीत असणे आणि केलेले असणे : ब्रेन मॅपिंगची एक चिकित्सा

'ब्रेन मॅपिंग' हा शब्द आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. आधी त्या वेगळ्या करू या.

पहिली गोष्ट दवाखान्यातली. माँट्रियलचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड अपस्माराच्या रुग्णाला जागं ठेवून त्याच्या उघड्या मेंदूला सौम्य विद्युतप्रवाहाचा स्पर्श करीत. बोट हललं, बोलणं अडखळलं, की त्या जागेचं काम कळे. हा नकाशा बरोबर की चूक, ते तिथल्या तिथे तपासता येत होतं.

दुसरी गोष्ट पोलीस तपासातली, आणि आमचा आक्षेप तिच्यावर आहे. जून 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणीला पूर्वीच्या वाग्दत्त वराचा विषप्रयोगाने खून केल्याबद्दल जन्मठेप दिली. इतर पुरावेही होते; पण निकालात 'बीईओएस' चाचणीला वजन दिलं गेलं. पुढे तिला उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. ती दोषी की निर्दोष, हा आजचा विषय नाही. चाचणी नेमकं काय सांगू शकते, एवढंच पाहायचं आहे.

ही चाचणी चंपादी रामन मुकुंदन यांनी विकसित केली. डोक्यावर इलेक्ट्रोड लावतात, आणि 'मी आर्सेनिक विकत घेतलं' अशा धर्तीची विधानं ऐकवतात. संशयिताने उत्तर द्यायचं नसतं. मेंदूतल्या विद्युतलहरींवरून संगणक ठरवतो की ही गोष्ट तिला नुसती माहीत आहे, की तिने ती स्वतः अनुभवली आहे.

इथे थांबायला हवं. कवटीवरून घेतलेला आलेख 'केव्हा' हे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत सांगतो. 'कुठे' हे मात्र अंधुकच. आणि 'कशाबद्दल' हे तर लहरीवर लिहिलेलंच नसतं. ते आपण तिच्यावर लिहितो.

न्यायदर्शनात स्मृती म्हणजे संस्कारातून उपजणारं ज्ञान. पण त्याच परंपरेत अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' स्मृतीचेही यथार्थ आणि अयथार्थ असे दोन भेद करतो. म्हणजे 'मला आठवतं' यावरून 'तसं घडलं' हे आपोआप सिद्ध होत नाही. आपल्या गड्ड्याच्या यात्रेचंच घ्या. आजीकडून नंदीध्वजांची मिरवणूक वर्षानुवर्षं ऐकलेला, यात्रेला कधीच न आलेला नातूही हलगीसकट सगळं डोळ्यांपुढे उभं करतो. मग ज्या तरुणीला पोलिसांनी चौकशीत तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले असतील, तिने मनात ते दृश्य शंभरदा पाहिलं नसेल कशावरून? लहर उठली तर ती कृत्याची, की धास्तीची? पेनफिल्डकडे बोट हलत होतं. इथे पडताळायचं कशाशी? गुन्हा कोणी केला हे आधीच ठाऊक असेल तरच यंत्राची परीक्षा होईल, आणि ते ठाऊक असेल तर यंत्र हवंच कशाला?

कोणी म्हणेल, आज एफएमआरआय आहे. तोही विचार मोजत नाही. रक्तातल्या प्राणवायूचा बदल मोजतो, तोही काही सेकंद उशिरा. 2009 मध्ये अमेरिकी संशोधकांनी मेलेल्या सॅमन माशाला त्या यंत्रात ठेवून माणसांची छायाचित्रं 'दाखवली', आणि संख्याशास्त्राची योग्य दुरुस्ती न करता पाहिलं तर मेलेल्या मेंदूतही हालचाल दिसली! दोष यंत्राचा नव्हता, वाचणाऱ्याच्या घाईचा होता.

2008 मध्येच बेंगळुरूच्या निमहान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही चाचणी अशास्त्रीय ठरवली. 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'सेल्वी' खटल्यात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग संमतीविना करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग न पाडण्याचं संरक्षण, म्हणजे घटनेचं कलम 20(3), इथेही लागू आहे. संमती असली तरी निष्कर्ष हा स्वतंत्र पुरावा नाही. मात्र त्यातून पुढे काही वस्तू हाती लागली तर ती ग्राह्य ठरू शकते.

ती फट उघडी आहे. आणि कोठडीतल्या माणसाची संमती कितपत खरी? 'नाही म्हणालास तर लपवतोयस' असं त्याला कोणी बोलून दाखवायचीही गरज नसते. म्हणून पुढच्या वेळी बातमीत 'ब्रेन मॅपिंगमधून सत्य बाहेर' असं वाचाल, तेव्हा आपण एवढंच विचारू या : सत्य बाहेर आलं, की लहर?