कोऱ्या रकान्यांची रचना

ऑफिसातल्या नेटवर्कवर पॅकेट कॅप्चर लावून ठेवा आणि एखादा आयपी फोन चालू करा. डीएचसीपीची पहिली ओळ दिसते ती अशी: ०.०.०.० कडून २५५.२५५.२५५.२५५ कडे, पोर्ट ६८ वरून ६७ वर. पाठवणाऱ्याला स्वतःचा पत्ता नाही, समोर कोण आहे तेही ठाऊक नाही, तरी बोलणं सुरू होतं. हे ज्या रचनेमुळे जमतं ती १९८५ सालची, बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांच्या बूटपीची. आजचा डीएचसीपी तिच्याच साच्यात बोलतो. रकान्यागणिक थांबून वाचावी अशी ती आहे.

आदल्याच वर्षी आरएआरपी आला होता. कार्डावरचा हार्डवेअर पत्ता सांगा, आयपी पत्ता घ्या, संपलं. राउटरपलीकडे त्याची हाक पोचत नसे आणि यंत्र सुरू होण्यासाठी पुढे कोणती फाइल आणायची हेही तो सांगत नसे.

बूटपीने प्रश्नाला आणि उत्तराला एकच आकार दिला: ३०० बाइटचं पॅकेट. यंत्र त्यात हार्डवेअर पत्ता आणि ओळखीसाठी एक क्रमांक भरतं, ‘तुझा पत्ता’ या रकान्यात नुसती शून्यं ठेवतं. सर्व्हर तीच शून्यं पुसून पत्ता लिहितो आणि फाइलच्या रकान्यात पूर्ण मार्ग भरतो. हे लाघव गरजेतून आलं आहे, कारण मागणारा कोड रॉमच्या इवल्याशा जागेत मावायला हवा. मला सर्वांत आवडतो तो सेकंदांचा रकाना. सुरू होऊन किती वेळ झाला हे यंत्र त्यात सांगतं. आकडा वाढत गेला, तर एरवी या यंत्राकडे न पाहणाऱ्या सर्व्हरलाही त्याची कणव यावी, असा हेतू मूळ दस्तऐवजात सरळ लिहून ठेवला आहे. तांत्रिक मसुद्यात इतकी माणुसकी क्वचित भेटते.

मधल्या राउटरसाठीही एक रकाना आहे. तो तिथे स्वतःचा पत्ता लिहून पॅकेट पुढे देतो. चार बाइटांत सर्व्हरला दोन्ही कळतं: उत्तर कुठे धाडायचं आणि पत्ता कोणत्या सबनेटमधला द्यायचा.

अडचण उत्तराच्या वेळी येते. नव्या पत्त्यावर उत्तर पाठवायचं, तर तो पत्ता कुणाचा हे आधी एआरपीने विचारावं लागतं. पण ज्याचा आहे त्याला अजून तो मिळालेलाच नाही, मग ‘माझा’ म्हणणार कोण? उत्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं पाठवणं ही एक वाट. काही यंत्रांना तेच हवं असतं. ते सांगण्यासाठी पुढे १९९३ मध्ये एक बिट लागला, आणि तो मिळाला बूटपीत रिकाम्या सोडलेल्या दोन बाइटांत. रिकामी जागा राखण्याची ही समज मला मोठी वाटते.

राल्फ ड्रोम्स यांनी १९९७ मध्ये शब्दबद्ध केलेल्या डीएचसीपीने हा साचा मोडला नाही. त्यात पत्त्याला मुदत आली आणि चार पावलांचा संवाद आला: शोध, देकार, मागणी, मान्यता. यातलं तिसरं पाऊल पाहा. देकार कुणाचा हे आता माहीत असूनही यंत्र मागणी सगळ्यांना ऐकवतं, निवडलेल्या सर्व्हरचं नाव घेऊन. एका वाक्यात एकाला होकार आणि बाकीच्यांना नकार. बाकीचे आपापले राखून ठेवलेले पत्ते मोकळे करतात. याहून कमी शब्दांत हे सांगता येणार नाही.

एक उणीव मात्र आहे. उत्तर देणारा कोण, याची खातरजमा इथे नाही. आगंतुक सर्व्हरही देकार देऊ शकतो. त्याला अडवण्याचं काम पुढे स्विचवर आलं.

मग फाइल. ती बहुधा टीएफटीपीने येते, ५१२ बाइटांच्या तुकड्यांत, प्रत्येक तुकड्याची पोच घेत. अपुरा तुकडा आला की फाइल संपली. नेमकी ५१२च्या पटीत असेल, तर शेवटी रिकामा तुकडा येतो.

नेटवर्कवरून लिनक्स सुरू करणाऱ्या पीएक्सई-लिनक्सची आपली मांडणीची फाइल शोधण्याची रीत तर खास आहे. हार्डवेअर पत्त्याच्या नावाची फाइल नसली, तर तो आयपी पत्ता सोळाच्या पायावर लिहितो. १९२.१६८.२.९१ चं होतं सी०ए८०२५बी. तीही नसली की शेवटचं अक्षर गाळून पुन्हा शोधतो, मग आणखी एक, आणि सगळी संपली की ‘डिफॉल्ट’. म्हणून सी०ए८०२ नावाची एकच फाइल १९२.१६८.२ ने सुरू होणाऱ्या सगळ्या यंत्रांना पुरते. एखाद्याला वेगळं काही द्यायचं असेल, तर त्याच्या पूर्ण नावाची फाइल शेजारी ठेवायची, बाकी कशालाही हात न लावता.